फुंकायचं मशीन बिघडलं नव्हतं

मित्रांनो, मी एक जुना स्पायरोमीटर आहे आणि मी बिघडलेला नाही. या दोन्ही गोष्टी मी एका दमात सांगून टाकतो, कारण पहिलीवर सगळे विश्वास ठेवतात आणि दुसरीवर कुणी ठेवत नाही.

नाव अवघड वाटले तर सोडून द्या. मस्कतमधल्या हमरियाच्या गर्दीत एक छोटा दवाखाना आहे, तिथे मी राहतो. तिथे येणारे कामगार मला ‘फुंकायचं मशीन’ म्हणतात. मी जेवणाच्या डब्याएवढा आहे. एका बाजूला पडदा, दुसऱ्या बाजूला नळी, आणि नळीत नखाएवढा पंखा. माणसाने नाकाला चिमटा लावायचा, छाती भरून श्वास घ्यायचा आणि नळीत जोराने फुंकायचे. पंखा फिरतो, मी त्याचे फेरे मोजतो आणि छातीतून किती हवा किती वेगाने बाहेर आली ते सांगतो. रोगाचे नाव मी सांगत नाही. ते डॉक्टरांचे काम. मी फक्त हवा मोजतो, पण चोख मोजतो. याचा गर्व आहे का म्हणाल, तर आहे.

माझा जन्म कोणत्या कारखान्यात झाला ते माझ्या पाठीवर लिहिले होते. स्पिरिटने पुसून पुसून ती अक्षरे उडाली. सुरुवातीची वर्षे माझे हालच झाले. एकाने मला जून महिन्यात बंद गाडीत ठेवले आणि स्वतः मात्र गार खोलीत जेवायला गेला. ओमानच्या उन्हात बंद गाडी म्हणजे भट्टीच. दुसऱ्याने माझा पंखा नळाखाली धरून चहाच्या कपासारखा घासला. तरीही मी खोटे मोजले नाही. दुखले तेव्हा सरळ पडद्यावर लिहिले, की आज मला तपासून घ्या.

मग इरीन सिस्टर आली. ती वसईची. तिच्या हाताला शिस्त होती. प्रत्येक माणसामागे ती तोंडाची नळी आणि फिल्टर बदलायची. आठवड्यातून एकदा माझा पंखा जंतुनाशकात भिजवायची, शुद्ध पाण्यातून हलकेच काढायची आणि स्वच्छ फडक्यावर सावलीत सुकू द्यायची. एसीच्या झोतासमोर कधी ठेवायची नाही. अशी निगा माझी आधी कुणी राखली नव्हती. फक्त एक गोष्ट ती करत नव्हती. ती माझे ऐकत नव्हती.

कसे ते सांगतो. फुंकताना पहिल्या सेकंदात हवा धाडकन येते आणि मग हळूहळू येत राहते. ज्याच्या श्वासनळ्या आखडल्या आहेत त्याची हवा शेवटी फार रेंगाळते. म्हणून निदान सहा सेकंद, छाती रिकामी होईपर्यंत फुंकावे लागते. मध्येच थांबले तर रेंगाळणारी हवा माझ्यापर्यंत येतच नाही आणि आजारी छातीसुद्धा ठणठणीत दिसते. आणि इरीनच्या समोर बसलेला जवळजवळ प्रत्येक जण दोन सेकंदांत थांबत होता. मी दर वेळी पडद्यावर लिहायचो, ‘फुंकणे लवकर थांबले.’ ती म्हणायची, “ह्या मशीनला रोज काहीतरी होतंच.” आणि बटण दाबून पुढे जायची. नाचता येईना अंगण वाकडे, ते अंगण म्हणजे मी.

वर्षातून एकदा आम्ही माबेलाच्या कारखान्यांच्या वस्तीत जायचो. तिथे दगड कापायचे एक आवार आहे. मस्कतच्या नव्या घरांतले स्वयंपाकाचे ओटे तिथे तयार होतात. करवत फिरते आणि पिठासारखी पांढरी धूळ उडते. सादिक त्या करवतीवर काम करायचा. तो रत्नागिरीकडचा, समुद्राकाठच्या गावातला, ओमानात येऊन बारा वर्षे झालेला. तीन वर्षे मी त्याचा श्वास मोजला. तिन्ही वेळा तो दोन सेकंदांत थांबला, तिन्ही वेळा मी ओरडलो आणि तिन्ही वेळा त्याच्या कागदावर ‘फिट’ असा शिक्का बसला. तोवर मला फेकून द्या असे कुणी म्हटले नाही, हे लक्षात ठेवा.

चौथ्या वर्षी दोन गोष्टी घडल्या. सकाळी गाडीचा ब्रेक जोरात लागला आणि माझी पिशवी सीटवरून खाली पडली. आणि इरीनचा घसा बसला होता. मोठ्याने बोलता येत नव्हते. त्यामुळे सादिक समोर बसला तेव्हा ती काहीच बोलली नाही, नुसता हात पुढे पुढे हलवत राहिली. सादिक तिच्या हाताकडे बघत फुंकत राहिला. चार सेकंद, सहा सेकंद, नऊ सेकंद. चेहरा लालबुंद झाला तरी थांबला नाही. मी त्याच्यासाठी पहिल्यांदाच हिरवी खूण दाखवली, म्हणजे फुंकणे पुरते झाले. तिच्याखाली आकडा होता सत्तावन्न. म्हणजे छातीतल्या हवेच्या शंभर भागांपैकी सत्तावन्नच पहिल्या सेकंदात बाहेर आले होते. सत्तरच्या आसपास तरी यायला हवे होते. तीन वेळा फुंकून घेतले, तिन्ही वेळा तेच.

आवाराचे मुकादम हुसैनमियाँ शेजारीच उभे होते. साठीचे गृहस्थ. सगळे कामगार त्यांना मान द्यायचे. त्यांनी पडदा बघितला आणि म्हणाले, “ह्या डब्याचं काय ऐकता सिस्टर? गेल्या साली फिट, यंदा हे. माणूस तोच, छाती तीच. मग बिघडलं कोण? फेकून द्या. अर्बाबला सांगतो, नवीन घेऊन देतील.” अर्बाब म्हणजे आवाराचे मालक.

सादिक घाईने म्हणाला, “सिस्टर, जुनाच कागद लावा ना. मला काय झालंय? जरा खोकला आहे, तो तर इथं सगळ्यांनाच आहे.” हे बोलतानासुद्धा त्याला मध्ये थांबून दम घ्यावा लागला.

आणि इरीन? माझी इतकी काळजी घेणारी इरीन बसक्या आवाजात म्हणाली, “सकाळी पडलं ना ते. त्यामुळेच असेल.”

मित्रांनो, पडलो तेव्हा मला लागले नव्हते. हे ऐकून लागले. तीन वर्षे अर्धवट फुंकून घेतलेले आकडे सगळ्यांना गोड लागले. आयुष्यात एकदा पुरती हवा मिळाली आणि मी पुरते खरे बोललो, तर मी डबा झालो. पण मी माझा आकडा बदलला नाही. पिशवीत कोंबले तरी सत्तावन्न, बाहेर काढले तरी सत्तावन्न.

चार दिवसांनी इरीन पुन्हा माबेलाला आली. या वेळी तिने दवाखान्यातून मोठी सिरिंज आणली होती. ही सिरिंज म्हणजे माझी परीक्षा. तिच्यात बरोबर तीन लिटर हवा मावते. ती माझ्या नळीला जोडून ढकलायची, एकदा सावकाश, एकदा मध्यम, एकदा जोरात. मी दर वेळी तीन लिटर सांगितले पाहिजेत. खरे म्हणजे ही परीक्षा रोज घ्यायची असते, पण बाहेर जाताना सिरिंज जड होते म्हणून ती दवाखान्यातच राहायची. हुसैनमियाँ, सादिक आणि आणखी चार-पाच जण बघत उभे राहिले. इरीनने ढकलले. तीन. पुन्हा ढकलले. दोन पूर्णांक नव्याण्णव शतांश. पुन्हा. तीन. हवेच्या एका थेंबाचीही मी कुणाला सूट दिली नाही. हुसैनमियाँ दाढी खाजवत दुसरीकडे बघू लागले.

“चला सादिकभाई, परत एकदा,” इरीन म्हणाली. तिचा घसा आता मोकळा झाला होता. सादिक फुंकू लागला आणि ती सवयीप्रमाणे ओरडली, “फुंका, फुंका, अजून, सगळी हवा खलास करा!”

सादिक तिथल्या तिथे थांबला. दोन सेकंद. मी लिहिले, ‘फुंकणे लवकर थांबले.’

या वेळी तिने ते वाचले.

“का थांबलात तुम्ही?”

“तुम्हीच खलास बोललात ना सिस्टर.”

“अहो, खलास म्हणजे संपवून टाका. शेवटपर्यंत.”

“इथं खलास म्हणजे बस झालं,” सादिक म्हणाला. “अर्बाब खलास बोलला की आम्ही हातातली करवत बंद करतो. बारा वर्षं तेच ऐकतोय.”

दोघेही मराठीच बोलणारे. एकाच किनाऱ्यावरचे. शब्दही तोच. पण वसईत त्याचा अर्थ एक आणि मस्कतच्या कामावर दुसरा. तिने जीव तोडून ‘शेवटपर्यंत फुंका’ सांगावे आणि समोरच्याने हुकूम मानून थांबावे, असे तीन वर्षे चालले होते. आणि मधल्या मध्ये ज्याला दोन्ही कळत होते, त्याचे कुणी वाचत नव्हते.

इरीन पुन्हा सादिकसमोर बसली. तोंडाने काही न बोलता तिने हात पुढे हलवला. त्याने शेवटपर्यंत फुंकले. छप्पन्न.

“ह्याचा अर्थ काय?” सादिकने विचारले.

“नळ्या आखडल्यात. धुळीनेच असणार, पण ते डॉक्टर सांगतील. छातीचा फोटो काढावा लागेल. करवतीवर आता जायचं नाही.”

“तीन वर्षं तुम्ही फिट लिहून दिलंत.”

“हो. चूक माझी आहे. मशीन दर वेळी सांगत होतं. मी वाचलं नाही.”

मित्रांनो, हे वाक्य ऐकायला मी तीन वर्षे थांबलो होतो. ऐकले तेव्हा मात्र आनंद झाला नाही. सादिक हातातला कागद दुमडत होता, उलगडत होता, पुन्हा दुमडत होता. मी खरा ठरलो होतो, पण त्याच्या छातीतून गेलेली हवा काही त्याला परत मिळणार नव्हती.

इरीनने तीन वर्षांची यादी काढली आणि एकेकाला पुन्हा बोलावले. बऱ्याच जणांची छाती चांगली निघाली. चौघांची नाही. डॉक्टरांची चिठ्ठी आवाराच्या मालकाकडे गेली. एकदा गेली, दोनदा गेली. तिसऱ्या चिठ्ठीनंतर करवतीवर पाण्याची नळी बसली. आता दगड ओला कापतात आणि धूळ चिखल होऊन खाली पडते. सादिक करवतीवर नाही. तो टेप घेऊन मस्कतजवळच्या सीबमधल्या घरांमध्ये ओट्यांची मापे घ्यायला जातो. दुसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत दोनदा थांबतो, असे त्यानेच इरीनला सांगितले. खोकला थोडा कमी आहे म्हणाला.

परवा एक माणूस दवाखान्यात आला आणि नंबर न लावता माझ्यासमोरच्या खुर्चीत बसला. हुसैनमियाँ होते. मुकादम झाल्यापासून त्यांची तपासणी कुणी केलीच नव्हती. त्याआधी वीस वर्षे त्यांनीही दगडच कापला होता, तोही कोरडा.

“माझीपण घ्या सिस्टर,” ते म्हणाले. मग माझ्याकडे बोट दाखवले. “ह्याच्यावरच घ्या. नवीन नको.”

इरीनने नवी नळी लावली, नवा फिल्टर बसवला, सिरिंजने माझी परीक्षा घेतली आणि त्यांच्या नाकाला चिमटा लावला. ज्याने मला डबा म्हटले होते तो माझ्या तोंडाला तोंड लावून छाती भरून घेत होता. बदला घ्यायचा तर हीच वेळ होती. नाहीतर दया दाखवून दोन आकडे वाढवून द्यायची तरी होती. मी दोन्ही केले नाही. त्यांनी आठ सेकंद फुंकले आणि होते तेवढेच मी लिहिले.

आकडा चांगला नव्हता. त्यांनी तो दोनदा वाचला. मग माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, “खरं बोलतो हा.”

मित्रांनो, तुमच्या घरी, शाळेत, दवाखान्यात माझ्यासारखे कुणी मोजणारे असेल तर त्याला उन्हात ठेवू नका, धुळीत टाकू नका, रोज त्याची परीक्षा घ्या. मी परीक्षेला भीत नाही. माझा पंखा धुवा, फिल्टर बदला, पडद्यावर काय लिहिले आहे ते शेवटच्या शब्दापर्यंत वाचा. पण मला गोड बोलायला शिकवू नका. ते मला जमणार नाही.