भानुबाबाचा सूर्यलेप

भरदुपारी शंभरेक माणसं तोंडाला पांढरा लेप फासून सूर्याकडे तोंड करून बसली होती. पोळा नुकताच झाला होता. हवा इतकी दमट, की लेप घामासोबत हनुवटीवरून ओघळत होता आणि लोक त्यालाच कृपा म्हणत होते. मी शाळेतून घरी निघालेली विज्ञानाची बाई. मला राग लवकर येतो, आणि ते दृश्य बघून तो आलाच.

मध्य प्रदेशातल्या सौंसरच्या आतल्या भागातली ही आमची वस्ती. इथे झाडाखाली हिरव्या संत्र्यांचा सडा पडू लागला, की लोक फवारणीआधी नजर लावणारा माणूस शोधतात. या वर्षी सर्वांत जास्त गळ बापूजींच्या बागेत होती, म्हणून वस्तीचे मुखिया असलेल्या बापूजींनीच नजर लावणारा शोधायला भानुबाबाला आणून बसवलं.

"सूर्यनारायण का सीसीटीवी कभी बंद नहीं होता, बेटा!" बाबा ओरडत होता. "लेप लावा, वरून तीर्थ लावा. जो पवित्र, तो सुरक्षित. पाप्याच्या तोंडावर भगवान खुद थप्पड मारेल!"

थप्पड बसली होती ती करुणाला. मजुरीने निंदणाला जाणारी ही माझी जुनी विद्यार्थिनी. तिचा चेहरा तेलकट. बाबाचा लेप एकदा लावला तर गालभर पुटकुळ्या उठल्या, आणि तिने भर सभेत सांगितलं, "बाबा, हे लय चिकट हाय, मले नाई सोसत." बाबाने हसून तिच्या लेप नसलेल्या कोऱ्या गालावर चार बोटांनी बाटलीतलं भरपूर तीर्थ ओढलं आणि तिला उन्हात बसवलं. दोन दिवसांनी तिच्या गालावर बोटांच्याच आकाराचे काळेलाल फोड आले. आज तिला सगळ्यांपुढे उभं केलं होतं.

"हीच ती पोट्टी! हिनंच माही बाग खाल्ली!" बापूजी गरजले, आणि पहिला दगड त्यांनीच मारला.

मग दगडांचा मारा सुरू झाला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी होणारी पांढुर्ण्याची गोटमार, ती दगडफेकीची जत्रा, पाहून आलेली पोरं होती, त्यांचा नेम चांगला होता. करुणाची भुवई फुटली. ती खाली बसली, तर कोणीतरी केसांना धरून तिला फरफटत नेलं आणि एकाने पोटात लाथ घातली. तिची आई देवकाबाई लोकांच्या पायांना मिठ्या मारत होती. "माह्या पोरीले मारू नका रे!" तिलाही कोणीतरी लोटून दिलं.

मी छत्री घेऊन घुसले. दोघांच्या डोक्यात घातली, हे लपवत नाही. एक दगड माझ्या खांद्याला लागला. करुणाच्या अंगावर आडवी पडून मी ओरडले, "परीक्षाच घ्यायची ना? मग माझी घ्या! आणि बापूजींचीपण घ्या!"

दगड थांबले. बापूजींनी बाही वर केली. "घे ना. मले काय होनार हाय?"

"नहीं नहीं, मुखियाजी को नहीं!" बाबा घाईने बोलला. लेप न लावलेल्या हाताला तीर्थ लावायला तो तयारच होईना. मी बाटली हिसकावली. कडवट वास नाकात गेला. माझ्या मामाच्या अंगावर कोड होतं. वैद्याने दिलेलं असंच तेल लावून तो जास्त वेळ उन्हात बसला आणि त्याची पाठ सोलून निघाली होती. मला तो वास चांगला आठवत होता.

बापूजींच्या उघड्या हातावर मी तीर्थ ओढलं. माझ्या हातावर तीन ठिकाणी लावलं. एक जागा तशीच ठेवली, दुसरीवर पर्समधलं सनस्क्रीन चोपडलं, तिसरीवर जाड पट्टी बांधली. आम्ही दोघं सगळ्यांदेखत उन्हात बसलो. निकाल लागेपर्यंत करुणाला कोणी हात लावायचा नाही, असं ठरलं. आम्हा दोघांना फोड आले नाहीत तर तिला वस्ती सोडावी लागणार होती. सौंसरच्या डॉक्टरांनी तिच्या भुवईला टाके घातले. रात्री ती माझ्याकडे झोपली. मला मात्र झोप लागली नाही.

दोन दिवसांनी बापूजींचा हात फोडांनी भरला. माझ्या हातावर पट्टीखाली काहीच नव्हतं, सनस्क्रीनखाली जराशी लाली होती, आणि उघडी जागा भाजल्यासारखी झाली होती.

"काय बापूजी," मी विचारलं, "तुमच्या बागेला तुम्हीच नजर लावली काय?"

बापूजींनी बाही खाली ओढली. मी सगळ्यांना सांगितलं, "हे बावचीचं तेल आहे, कोडावर लावतात ते. ते लावून उन्हात बसलं की कातडी भाजते, मग माणूस पापी असो की पुण्यवान. लेपात जस्ताची पांढरी पूड आहे, ती ऊन अडवते. म्हणून लेपवाले वाचले. ती पूड डालड्यात कालवलीय, वासावरूनच कळतं; तो डालडा तेलकट चेहऱ्याची छिद्रं बुजवतो, म्हणून करुणाला पुटकुळ्या आल्या. आणि संत्री गळतात ती रोगाने आणि साचलेल्या पाण्याने."

तोवर पोरांनी पळून जाणाऱ्या बाबाला बसस्टँडवरून धरून आणलं होतं. त्याच्या नाकातून रक्त वाहत होतं. पुन्हा हातात दगड आले, बापूजींच्याही.

करुणा मध्ये येऊन उभी राहिली.

"ठेवा ते खाली. परवा माह्यावर दगड मारून राहिले होते, तवाबी तुमाले असंच पक्कं वाटत होतं. याले पोलिसात द्या. आन् माह्यावर दगड मारनाऱ्यायचीबी नावं मी तिथं सांगनार हाव."

एकेक दगड खाली पडला. बापूजी तिच्याकडे बघू शकले नाहीत. त्याच संध्याकाळी तिने नावं सांगितली, पहिलं त्यांचंच.

आता बायका मला विचारतात, मग लावायचं काय? चेहरा तेलकट असेल आणि हवा दमट, तर जेलसारखं हलकं, तेल नसलेलं सनस्क्रीन घ्या. ट्यूबवर एसपीएफ तीस किंवा जास्त आणि ब्रॉड स्पेक्ट्रम लिहिलेलं बघा. उन्हात निघायच्या थोडं आधी दोन बोटं भरून चेहऱ्याला, मानेला लावा. घाम पुसला की पुन्हा लावा, नाहीतर दर दोन तासांनी. डोक्यावर दुपट्टा घ्या. त्याला मंत्र लागत नाही. आणि कोणी चमत्कार दाखवून एखाद्या माणसाकडे बोट दाखवलं, तर दगड उचलण्याआधी बाटलीत काय आहे ते विचारा.