पत्ता, दार, घड्याळ, कार्ड

दादाने मला हे काम टपल्या मारून शिकवलं. नवा कॅमेरा लावला की चार गोष्टी करायच्या, आणि त्याच क्रमाने: पत्ता, दार, घड्याळ, कार्ड. पत्ता म्हणजे नेटवर्कवरचा कॅमेऱ्याचा आकडी पत्ता. दार म्हणजे गेटवे, ज्यातून तो बाहेरच्या इंटरनेटशी बोलतो. मग घड्याळ जुळवायचं. आणि शेवटी आतलं मेमरी कार्ड पुसून कोरं करायचं, कारण नव्या कार्डातही काहीबाही भरलेलं असतं. एक जरी पायरी विसरली की टपली. अकरा वर्षांत मी हजारभर कॅमेरे लावले असतील. डोकं कुठेही भटकत असलं तरी माझी बोटं बिनचूक चौथ्या पायरीपर्यंत जातात. मला या गोष्टीचा फार गर्व होता, हे आधीच सांगून टाकतो.

दादाला जाऊन सव्वीस दिवस झाले, त्या सकाळी वहिनी माझ्या खोलीवर आली. खुर्ची पुढे केली तरी बसली नाही.

"दुकानाचा कॅमेरा माझ्या फोनवर दिसत नाहीये," ती म्हणाली.

"दुकान बंद आहे, वहिनी. बंद शटरमध्ये काय बघायचंय?" मी तिरसटपणे म्हणालो. महिनाभर मी सगळ्यांशी तसाच बोलत होतो.

"त्या दिवशीची सकाळ बघायचीय."

दुकान आम्हा दोघा भावांचं. दादा रोज नऊ वाजून दहा मिनिटांनी पोचायचा. शटर उघडण्याआधी वरच्या कॅमेऱ्यासमोर उभा राहायचा, हेल्मेट काढायचा आणि ते हातात उंच धरायचा. घरी वहिनी फोनवर बघत असायची. हेल्मेट वर गेलं की फोन बंद, चहाचा कप विसळून ठेवायचा आणि साडेनऊला तिच्या वाचनालयात कामाला. दहा वर्षांपूर्वी एकदा दादा गाडीवरून पडला होता, तेव्हापासूनचं हे खूळ. मी दोघांची भरपूर चेष्टा केली होती. "अरे, कपच जिंकून आणल्यासारखा काय धरतोस," मी म्हणायचो. दादा म्हणायचा, "तुझं लग्न झालं की कळेल." माझं झालं नाही, त्यामुळे कळलंही नाही.

"त्या दिवशी मी बघितलं नाही," वहिनी म्हणाली. "भांडण झालं होतं आमचं. पडद्याच्या दांडीवरून. मी म्हटलं, जगाच्या भिंतींना भोकं पाडत फिरता, आणि घरातली एक दांडी चार महिने कोपऱ्यात उभी. तेही चिडले. निघताना मी म्हटलं..." ती थांबली. "मी म्हटलं, पोचलात काय न पोचलात काय, मला काही सांगू नका. आणि फोन उशीखाली टाकून आंघोळीला गेले."

त्याच दिवशी अकरा वाजता एका गोदामात दादा शिडीला टेकून खाली बसला तो उठलाच नाही. मी दुसऱ्या टोकाला एका शाळेत केबल ओढत होतो.

"त्यांनी हेल्मेट वर केलं होतं का, एवढंच मला बघायचंय," वहिनी म्हणाली. "केलं असेल तर... आणि नसेल केलं तरी. मला ते माहीत पाहिजे."

पहिले दोन आठवडे तिला बघायची हिंमत झाली नव्हती. हिंमत झाली तोवर इंटरनेटवाल्यांनी दुकानात नवा राउटर बसवला होता. दादाच्या नावाचं कनेक्शन मीच बंद करून माझ्या नावावर घेतलं होतं. कॅमेरा बिचारा जुन्याच राउटरचा पत्ता धरून बसलेला. नव्याशी त्याचा बोलण्याचा संबंधच नाही, मग फोनवर दिसणार कसा? पण वीज चालू होती, म्हणजे चित्रीकरण कार्डावर होत होतं. आमचं कार्ड तीस दिवस पुरतं. एकतिसाव्या दिवशी कॅमेरा सगळ्यात जुना दिवस खोडून त्याच्या जागी नवा लिहितो. म्हणजे चार दिवस हातात होते.

"कार्ड काढून इथे लॅपटॉपवर लावतो," मी म्हटलं.

"नको. तुझ्यासमोर नको. माझ्या फोनवर, घरी बसून बघीन. रोजच्यासारखं." मग म्हणाली, "आणि तूही आधी बघू नकोस. वचन दे."

मी दिलं. एवढी साधी गोष्ट कुणी मागितली तर कोण नाही म्हणेल?

दुकान उघडलं. टेबलावर दादाची वही होती, लावलेल्या प्रत्येक कॅमेऱ्याचा पत्ता आणि पासवर्ड पेन्सिलीने लिहिलेली. गिऱ्हाइकांना "पासवर्ड कागदावर लिहू नका" म्हणून दम देणारा हाच माणूस. पहिल्याच पानावर आमच्या दुकानाचा कॅमेरा होता. अक्षर इतकं टापटीप, की मला उगाचच त्याचा राग आला. एवढं नीट लिहितोस, मग छातीत दुखतंय हे एका ओळीत सांगता आलं नाही?

शिडी लावली, कॅमेऱ्याची केबल थेट लॅपटॉपला जोडली, लॅपटॉपलाही जुन्या राउटरच्या मालिकेतला पत्ता दिला. पासवर्ड घातला. कॅमेऱ्याचं पान उघडलं. डावीकडे नेटवर्कची यादी, उजवीकडे थेट चित्र: रिकामी पायरी, आणि शिडीचे दोन पाय. चित्रीकरणाच्या यादीत ती तारीख दिसत होती. हिरवी पट्टी, सकाळपासून रात्रीपर्यंत अखंड. नऊ दहावर नेऊन फक्त एकदा टिचकी मारली असती तर मला सगळं दिसलं असतं. मी वचन दिलं होतं. मी ते पान बंद केलं.

आणि कामाला लागलो. नवा पत्ता दिला. दार बदललं. कॅमेरा नव्या राउटरला जोडला, तो लगेच बोलायला लागला. मला इतकं बरं वाटलं, की या सव्वीस दिवसांत पहिल्यांदाच मी तोंडाने शीळ घातली. दादाचीच सवय. घड्याळ चार मिनिटं मागे पडलं होतं, ते जुळवलं. शीळ चालू होती, वहिनीला काय सांगायचं ते मनात घोळत होतं, आणि माझी बोटं पुढच्या पायरीवर गेली.

कॅमेरा विचारतो, खात्री आहे का? दर वेळी विचारतो. हजार वेळा मी न वाचता हो म्हटलंय. हजार एकाव्या वेळीही म्हटलं.

पट्टी शंभरावर पोचायला नऊ सेकंद लागतात. तिसऱ्या सेकंदाला मला कळलं. मी केबल उपटली, लॅपटॉप बाजूला सारला, शिडीवर चढून कॅमेऱ्याची वीजच तोडली. कार्ड काढून माझ्याकडे होती ती सगळी, पुसलेलं परत मिळवून देणारी सॉफ्टवेअर त्यावर चालवली. दुपार झाली. हाती लागलं ते एवढंच: एक कुत्रं, अर्धी मोटार, पाऊण मिनिट आमच्या शटरवरचं ऊन, तेही दुसऱ्याच दिवशीचं. ती सकाळ गेली होती. दुसरं कार्ड घालून मी कॅमेरा पुन्हा चालू केला, कारण दुसरं काय करायचं ते सुचेना, आणि पायरीवर बसलो.

फोन वाजला. "दिसलं रे!" वहिनीचा आवाज महिनाभरात ऐकला नव्हता इतका मोकळा होता. "दार दिसतंय. तूही दिसतोयस. खाली का बसलायस? थांब, तारीख निवडते." मी श्वास धरून बसलो. "या तारखेला काही नाही म्हणतोय."

"मी बघितलं, वहिनी," मी म्हणालो. "वचन मोडलं. दादाने हेल्मेट वर केलं होतं. नेहमीसारखं."



"मग मला का दिसत नाही?"

मी काहीतरी तांत्रिक सांगायला तोंड उघडलं. अशा वेळी गिऱ्हाइकाला गुंडाळायला माझ्याकडे पन्नास वाक्यं तयार असतात. एकही बाहेर पडेना.

"मी कार्ड पुसलं," मी म्हणालो. "चुकून. सवयीने. मी काहीच बघितलेलं नाही."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. मी वाट बघत होतो. तिचा आवाज आला तो अगदी सपाट. "तू सवयीने पुसलंस. मी तर मुद्दाम फोन उशीखाली टाकला होता." आणि तिने फोन ठेवला.

दुसऱ्या दिवसापासून मी दुकान उघडायला लागलो, पण मागच्या दाराने. कॅमेऱ्यासमोर जायची मला लाज वाटत होती. कॅमेऱ्याच्या पानावर एक आकडा असतो, आत्ता किती जण बघताहेत त्याचा. सकाळभर तो शून्य असे. नऊ दहाला एक होई. पंचवीस मिनिटं एकच राही, मग परत शून्य. ती रिकामी पायरी बघत बसलेली असायची. दादाच्या वेळी हे बघणं अर्ध्या मिनिटात संपायचं.

अकरा दिवस हे चाललं. बाराव्या दिवशी तिचा फोन आला. "पुढून येत जा," ती म्हणाली. "मला वाचनालयात रोज उशीर होतोय."

तेराव्या दिवशी मी पुढून गेलो. नऊ दहाला पायरीवर उभा राहिलो, हेल्मेट काढलं. फोनवर ते पान उघडून बघितलं: एक. हेल्मेट हातात होतं. हात कमरेच्या वर जाईना. मी तसाच कॅमेऱ्याकडे बघत राहिलो. पाच मिनिटं गेली, सात गेली. आकडा एकच. शेवटी मी तिला फोन लावला.

"वहिनी," मी म्हणालो, "मी पोचलो."

"बरं," ती म्हणाली. मागे कप विसळल्याचा आवाज आला, आणि आकडा शून्य झाला.