बाबांना न झेपलेली बंदूक

या मित्रांनो, बसा जवळ. घाबरू नका, माझ्या पोटात काडतूस नाही. एक गोष्ट सांगते. सांगताना मान खाली जाते माझी, पण ऐका.

मी एक जाडजूड, लांब नळीची, बदकांच्या शिकारीची बंदूक आहे. तुम्ही म्हणाल, सौदीतल्या बंदुकीला मराठी कुठून येते? कादिरकडून. हा श्रीवर्धनचा गडी अल-खोबरजवळ मालकाच्या शेतावर राखणीला आहे. मला तेल लावताना माझ्याशीच बोलत बसतो. दुसरं कोण आहे त्याचं ऐकायला?

मालकांना सगळे बाबा म्हणतात. वय झालेलं, उजवा खांदा दुखरा. पण थंडीत तळ्यावर बदकं उतरली की माणूस तरणा व्हायचा. त्यांच्या मुलाला, झैदला वाटलं, बापाला गुपचूप नवी बंदूक द्यावी. कादिरला घेऊन तो दुकानात आला.

"जड घ्या," दुकानदार म्हणाला. "बार उडाला की धक्का ती स्वतःच खाते. खांद्याला कमी लागतो."

ते खरंच आहे. झैदनं मला उचललं, कादिरनं उचललं. दोघेही धट्टेकट्टे.

"हीच घेऊ या," कादिर म्हणाला. "बाबांच्या खांद्याला आराम."

मी अशी फुगले म्हणून सांगू! शेजारच्या हलक्या बंदुकांना मनात म्हटलं, बसा गं काटक्यांनो. पण एक गोष्ट कुणाच्याच डोक्यात आली नाही. धक्का नंतर बसतो रे, आधी मला उचलावं लागतं. सोबत आणलेली बाबांची जुनी हलकी बंदूक झैदनं तिथंच बदल्यात देऊन टाकली.

पाहुण्यांच्या भरल्या मजलिशीत बाबांनी मला हातात घेतलं. मनगट लटपटलं ते मला कळलं. पण मुलानं चारचौघांत दिलेली भेट. ती जड आहे म्हणणं म्हणजे मुलाचं तोंड उतरवणं. बाबा म्हणाले, "माशाल्ला, काय चीज आणलीस!"

मग पहाट झाली. तळ्यावर बदकं उठली, बाबांनी मला उचललं. माझी नळी वर जायच्या ऐवजी खालीच झुकली. बार सुटला आणि छर्रे पाण्यात घुसले. बाजूच्या लव्हाळ्यात कादिर पडलेली बदकं आणायला उभा होता. त्याच्या पायाशी पाणी उडालं.

"अबू झैद, तळं मारलंत!" एक पाहुणा बाबांना ओरडून म्हणाला. सगळे हसले, बाबाही हसले. पण मला त्यांनी हळूच जमिनीला टेकवलं.

"डोळे गेले माझे," ते म्हणाले. "शिकार खलास."

तेव्हापासून मी काचेच्या कपाटात. झैद बिचारा बापाला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेला. आता नजर चांगली असलेला माणूस नाकावर चष्मा घालून बसतो.

परवा रत्नागिरीचा तौकीर, घरचा ड्रायव्हर, माझ्या कपाटासमोरच कादिरवर चिडला.

"अरे, सांग की झैदला! डोळे गेलेले नाहीत, हात थकलाय."

"आणि म्हाताऱ्याची अब्रू?"

"तुझी अक्कल पण गेली होती ना दुकानात? तीच लपवतोयस."

"ती तर आहेच रे," कादिर म्हणाला. "म्हणून तर जीभ उचलत नाही."

मी कपाटात उभी. कोणी मला एक शब्द बोललं नाही, त्याचीच जास्त लाज वाटली.

यंदा बदकं आलीत. सकाळी बाबा खुर्ची टाकून तळ्याकडे तोंड करून बसतात. थवा उठला की त्यांचा उजवा हात आपोआप खांद्यापर्यंत येतो. मग ते इकडंतिकडं बघतात आणि चष्मा पुसल्यासारखं करतात.

मित्रांनो, एवढं काम करा माझं. झैद भेटला तर त्याला सांगा की खोट त्या बंदुकीत आहे. बाबांचं नाव काढू नका, कादिरचंही नको. माझ्या नावानं हव्या तेवढ्या शिव्या घाला. म्हणा, असलं धूड घरात ठेवू नकोस, परत कर. आणि या वेळी बापाला दुकानात सोबत ने, एकेक बंदूक त्याच्या हातात दे, आणि तू जरा गप्प उभा राहा.