विहीर कोणी खणली?

मित्रांनो, अंधेरीच्या एका वाचनालयात शिरताच डाव्या हाताला अठरा खणांची सागवानी पेटी दिसते ना, ती मी. माझ्या खणांत पुस्तकं नाहीत. पुस्तक कुठल्या फळीवर आहे हे सांगणारी कार्डं आहेत. ती सगळी आधीच्या ग्रंथपाल शांताबाईंनी टाकाने लिहिली. त्या निवृत्त झाल्या आणि अण्णा ग्रंथपाल झाले. पुढे बाजारात गाईडं आली. मुलं त्यांतून उतरवून घेऊ लागली आणि माझा उपयोग ओल्या छत्र्या ठेवण्यापुरता उरला.

१९८४ साली क्लॅरिस आली. ती जवळच्याच गावठाणातली, कॉलेजच्या पहिल्या वर्षाची. गावच्या विहिरीवर निबंध लिहायचा होता आणि ती रडकुंडीला आली होती.

“अण्णा, गावच्या या स्मरणिकेत छापलंय, विहीर एका शेठजींनी १९२१ साली खणली. माझी सेराफिना आजी म्हणते, तिच्या बापाने खणली, प्लेगच्या वेळी. सर म्हणतात, छापलेलं तेच लिही. आजीला खोटं पाडू काय?”

“स्मरणिकावाल्यांना हे कोणी सांगितलं, ते लिहिलंय?”

“नाही ना.”

“मग तेही ऐकीवच. आजी तरी तेव्हा जन्मली होती का?”

क्लॅरिसने मान हलवली. “नाही.”

“मग त्या वेळचं कुणी लिहून ठेवलंय का, ते शोध.”

तिने माझा ‘विहिरी’चा खण ओढला. काही नाही. ‘गावठाण’ पाहिलं, तिथेही नाही. कितीतरी दिवसांनी माझे खण असे सरसर उघडत होते, मला फार बरं वाटत होतं. शेवटी ‘पाणीपुरवठा’खाली एक पिवळं कार्ड निघालं: जुने सरकारी अहवाल, वरची फळी.

तीन दिवस ती धूळ झटकत वाचत बसली. १८९९च्या अहवालात होतं, विहीर गावकऱ्यांनी स्वतः खणली. १९२१च्या अहवालात होतं, शेठजींनी तिला दगडी कठडा बांधून दिला.

“झकास!” क्लॅरिस ओरडली, आणि लगेच तिचं तोंड उतरलं. “पण पणजोबांचं नाव कुठेच नाही. घालू का मी?”

“घाल की,” अण्णा म्हणाले, “पण अहवालाच्या तोंडी नको. ‘आजी सांगते’ असं लिहून घाल. वाचणारा ठरवेल.”

दुसऱ्या दिवशी सेराफिना आजी स्वतः आल्या. लुगड्याला हात पुसून त्यांनी अहवालाच्या पानावर बोट ठेवलं.

“माझ्या बापाचं नाव कुठाय गं?”

“नाही आजी. नुसतं ‘गावकरी’ लिहिलंय.”

आजींनी त्या शब्दावरून बोट फिरवलं. मी तर खण आवळून बसले होते.

“बरोबर लिहिलंय,” त्या म्हणाल्या. “एवढी खोल विहीर. एकटा थोडाच खणणार होता?”

निबंधाच्या शेवटी क्लॅरिसने कुठलं वाक्य कुठून घेतलं ते ओळीने लिहिलं. सरांनी तो वर्गात वाचून दाखवला आणि पुढच्या आठवड्यात माझ्यापुढे आठ मुलं उभी राहिली. तेव्हापासून मी सुखात आहे.

मित्रांनो, तुमच्याकडे एकच मागणं आहे. माझी कार्डं खूण म्हणून पुस्तकात घालून घरी नेऊ नका. एक कार्ड गेलं, की फळीवर असलेलं पुस्तकसुद्धा हरवतं.