कपाटामागे अडकलेला पाळणा

मी पाळणा बोलतोय. शिवणीच्या लाकडाचा, भिसेगावच्या बुधाजीच्या हातचा. हात गुणी, पण चित्त कधी थाऱ्यावर नाही!

बुधाजी रेल्वेत खलाशी. सुतारकाम हा नुसता नाद. दुसरी मोठी लढाई संपली त्या वर्षी लेक पारूला दिवस गेले, तेव्हा तो तिला म्हणाला, "तुजं पोर माज्याच पाळन्यात निजंल." माझी चौकट झाली आणि त्याला चौरंग सुचला. चौरंगाला तीन पाय लागले, तोवर कपाट सुचलं. मधेच माझे दोन गज उपटून त्याने चौरंगाला ठोकले. मला असा राग आला, की सांगता सोय नाही.

मी पडवीतल्या खोलीत आढ्याला टांगलेला. दाराशी कपाटाचा सांगाडा, दारापेक्षा रुंद. माणूस अंग चोरून कसाबसा आत शिरे. वारासुद्धा माझ्यापर्यंत येत नसे.

पारूला मुलगी झाली. बारशाच्या सकाळी बुधाजीने माझा शेवटचा गज बसवला आणि मला दाराकडे नेलं. उभा धरला, आडवा धरला, तिरका केला. कपाटापुढे मी काही सरकेना.

"आता रं देवा!" तो मटकन बसला.

"पाळना भायेर येत नाय, तर पोरीला आत आना," त्याची बायको सुंदरा म्हणाली.

मला परत टांगलं. बायका दाटीवाटीने उभ्या राहिल्या. पण बाळ पाळण्याखालून एकीने द्यायचं, दुसरीने घ्यायचं, अशी रीत. माझ्याखाली तर फळ्या आणि तो तीनपायी चौरंग! शेजारच्या येसूबाईचे हात बाळासकट मधेच अडकले. बाळाने टाहो फोडला.

पारूचे डोळे भरले. "बाबा, तुमी सबूद दिलता."

बुधाजीने करवत उचलली आणि आपलं लाडकं कपाट उभं चिरलं. मी ओटीवर आलो, उन्हात. पोर माझ्यात निजली. तेवढं सुख मी त्याआधी कधी भोगलं नव्हतं.

पुढे पारू बाळाला घेऊन कशेळ्याला सासरी गेली. मला पुढच्या बाळंतपणासाठी इथेच ठेवलं, त्याच आढ्याला. कपाटाच्या फळ्यांचा आता नातीसाठी घोडा चाललाय. मान झाली, दोन पाय झाले, आणि कालपासून बुधाजी देव्हाऱ्याच्या गोष्टी करतोय. घोडा भिंतीला टेकून उभा आहे दारातच.

अरे बाबा, माझं राहू दे. तो घोडा तेवढा पुरा कर. पोर रांगायला लागलीय.