सावित्रीबाईंचा हात

आंघोळ उरकली की सावित्रीबाई ओटीवर येऊन हात पुढे करायच्या आणि परशुराम त्यांच्या मनगटाला काळा पट्टा बांधायचे. सावित्रीबाईंना हृदयाचं दुखणं निघालं तेव्हा रुग्णालयानं तो दिला होता. त्यांची नाडी तिकडे डॉक्टरांना दिसे आणि काही बिनसलं तर सुनेला, समीक्षाला, फोन येई. "येवढ्या वर्सांत कदी हात धरला न्हाय, आता रोज धरतो," असं त्या नवऱ्याला चिडवायच्या. राई गावातल्या त्या घराला हे बोलणं पाठ झालं होतं.

पट्टा एकीच्या हाताला, आणि झटक्यानं गेले ते परशुराम.

दहाव्याला पुरुष खाडीवर गेले आणि बायका सावित्रीबाईंभोवती बसल्या. बांगड्या फोडायच्या होत्या. थोरली नणंद गोदूबाई पुढे सरकली. तिचा स्वतःचा हात तिशीच्या आतच उघडा झाला होता. तेव्हा तिला कोणी विचारलं नव्हतं, म्हणून आता तीही विचारत नव्हती. आधी तिनं पट्टाच सोडून ताटात टाकला.

"ह्यो पन त्यानंच बांदलेला. त्याच्यासंगं जाऊ दे."

समीक्षाला ते खटकलं, पण नव्या सुनेनं चार म्हाताऱ्यांत तोंड कसं उघडायचं? मागाहून हळूच बांधू, असं तिनं मनाशी ठरवलं. शिकलेल्या माणसांना असे सोयीचे विचार पटकन सुचतात.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. रुग्णालयातली मुलगी घाबरून विचारत होती, "मॅडम, पेशंट ठीक हैं ना? पल्स आना बंद हो गया है."

जिवंत बाई समोर बसलेली, आणि तिकडे तिची नाडी थांबलेली. समीक्षाला स्वतःची लाज वाटली. पट्टा उचलून तिनं सगळ्यांदेखत सासूच्या मनगटाला बांधला. हा दागिना नाही, औषध आहे, दागिने काय ते काढा, असं तिनं ठणकावलं. औषधापुढे कोण बोलणार? गोदूबाईनंही मान हलवली. समीक्षाला जिंकल्यासारखं वाटलं.

मग गोदूबाईनं बांगड्यांसाठी तोच हात धरला. सावित्रीबाईंनी तो सोडवून घेतला.

"पट्ट्यासाठी फोन आला म्हनून तो ऱ्हायला," त्या सुनेला म्हणाल्या. "बांगड्यांसाठी कुनाचा फोन येनार? मना त्या हव्यात, येवढं पुरं न्हाय काय?"

आपणच 'दागिने काढा' म्हणालो, हे समीक्षाला आठवलं. ती उठून दोघींच्या मध्ये जाऊन बसली.

"आईंच्या हाताला कोणी हात लावायचा नाही," ती म्हणाली. मग आवाज खाली आणून तिनं विचारलं, "आत्या, तुम्हाला हव्या होत्या का तेव्हा?"

गोदूबाई आपलं मनगट पदराखाली घेत म्हणाली, "हव्या होत्या गो. हिरव्या होत्या माज्या."

एवढं विचारेपर्यंत आपण सगळ्यांनी तिला म्हातारी होऊ दिलं.