डब्याचा तळ

मित्रांनो, मी एक जुना डबा आहे. स्टीलचा, तीन कप्प्यांचा, एका बाजूला पोचा आलेला. शिखाच्या लग्नात तिच्या मामांनी मला देवासच्या बाजारातून घेतलं. तिचा नवरा मनन कारखान्यात लेथ चालवायचा. ग्रीसच्या हातांनीच मला उघडायचा. संध्याकाळी तळावरचे काळे ठसे घासताना शिखा म्हणायची, "हात धुवायला काय होतं हो?" मला ते बोलणं आवडायचं.

एक दिवस नवं मशीन आलं आणि मननचं काम गेलं. घरी त्याने हे सांगितलंच नाही. छोट्या लेकीचा, कृतिकाचा पापा घेऊन रोज वेळेवर निघायचा आणि तळ्याकाठच्या बाकावर मला मांडीवर घेऊन बसायचा. तिथे असेच काम गेलेले आणखी दोघे डबे घेऊन येत. वाटेत शेजारचे, दुसऱ्या कारखान्यातले गणोजीकाका हाक मारायचे, "काय भिया, ड्यूटी?" मनन मला जरा उंच धरायचा.

एका रविवारी सर्व्हेवाल्या दीदी आल्या. "घर में कोई बेरोजगार?"

"नाही हो दीदी, ह्यांची पक्की नोकरी आहे!" शिखा अभिमानाने म्हणाली. मनन आतल्या खोलीतून बाहेर आला नाही. मी ओट्यावर पालथा; सांगणार कसा?

गल्लीत बेरोजगार एकही नाही, असं यादीत गेलं. काम गेलेल्यांसाठीचं शिबिर आणि तीन महिन्यांची मदत दुसऱ्या वस्तीला मिळाली.

शिखाचं लक्ष मात्र बारीक. एका संध्याकाळी मला घासता घासता ती थांबली. उलटं करून पाहिलं.

"अहो, पंधरा दिवस डबा स्वच्छ येतोय. कामाला जाता ना?"

मनन खाली बसला. "तुला काळजी नको म्हणून..."

"काळजी मी तशीही करतेच. निदान खरी तरी करू द्या!"

साबणाच्या हातांनी मला आणि मननला घेऊन ती तशीच गणोजीकाकांकडे काम विचारायला गेली. त्यांनी कपाळावर हात मारला. "अरे भिया! आमच्याकडे महिनाभर लेथला माणूस मिळेना. तुझ्या हातात रोज डबा बघून मी गप्प! डब्याने मामा बनवलं की मला!"

आता मी पुन्हा काळा होऊन घरी येतो. शिखा यादी सुधारायलाही गेली होती. "लिस्ट तो ऊपर चली गई," दीदी हळहळल्या. मननने बाकावरच्या दोघांना सांगितलं, "घरी बोला भिया." ते म्हणाले, "उद्या."

मित्रांनो, आम्हाला जपा, पोचे पडू देऊ नका. पण डबा घरी आला की घासण्याआधी एकदा उलटा करून बघा. ते दोन डबे अजून चकचकीतच परत जातात.